वुहान पाहिलेल्यांनो, इथे लिहा

वुहान म्हटलं की अजूनही बोलणं 2020 वर येऊन थांबतं. यांगत्से आणि हान नद्यांच्या संगमावरचं, सव्वा कोटीहून जास्त वस्तीचं शहर एवढ्यावरच ओळखलं जावं, हे मला पटत नाही. तिथे राहिलेल्या, फिरलेल्या मंडळींनी सांगा, नवख्या पाहुण्याला काय दाखवाल?

मी आधी फेरीबोटीत बसवेन. हानकोऊ, हानयांग आणि वुचांग या तीन जुन्या शहरांचं मिळून वुहान झालंय, ते पाण्यावरूनच कळतं. हानकोऊच्या 1924 सालच्या कस्टम हाउसजवळ बोट धरा, पलीकडे वुचांगला उतरा. वाटेत 1957 चा पूल दिसतो, वरून मोटारी, खालून रेल्वे. त्याआधी आगगाडीचे डबे बोटीवर चढवून नदीपार नेत.

नाशिकहून
ताई, संध्याकाळची बोट घ्यायला सांगा, दोन्ही काठ उजळलेले असतात. वुचांगचा पीतबगळा मनोरा (यलो क्रेन टॉवर) मात्र जुना समजून जाऊ नका. परंपरा इसवी सन 223 पासूनची, आत्ताची इमारत 1985 ची. तरी वर चढाच, पूल तिथून सुंदर दिसतो.

पुण्याहून, कामानिमित्त तिथे राहिलेली
सकाळचा नाश्ता चुकवू नका! वुहानचा माणूस सकाळी घरी खात बसत नाही, कागदी वाडगा हातात घेऊन चालता चालता खातो. रगानम्येन म्हणजे उकडून तेल लावून ठेवलेले नूडल्स. मागणी आली की गरम पाण्यात बुडवून काढायचे, वर तिळाची दाट पेस्ट, खारवलेल्या भाज्या, कांद्याची पात. रस्सा नाही. लगेच कालवा, नाहीतर गोळा होतो. आपल्या तीळकुटाची सवय असलेल्या जिभेला ही चव पहिल्याच घासाला आवडते. शाकाहारी असाल तर चिनीत लिहिलेलं वाक्य मोबाइलवर दाखवा, कारण काही ठिकाणी वरून मांसाचा रस घालतात.

सोलापूरहून
मी हानकोऊच्या नदीकाठावर गेलो ते डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसाठी. 1938 च्या शरद ऋतूत भारतीय वैद्यकीय पथक इथे पोचलं. पाच डॉक्टरांत आमचे कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. जपानी फौज जवळ आली होती, ऑक्टोबरअखेर शहर पडलं. पथक त्याआधीच नदीने वर चुंगकिंगकडे निघालं होतं. कोटणीस 1942 मध्ये चीनमध्येच वारले. त्यांचं स्मारक शीच्याच्वांगला आहे, वुहानला नाही. पण मराठी माणसाने या काठावर त्यांची आठवण काढावी असं मला मनापासून वाटतं.

लातूरहून, तिथे मेडिकलला होतो
23 जानेवारी 2020 ला शहर बंद झालं. वसतिगृहाच्या खिडकीतून रिकामा रस्ता दिसायचा, रात्री समोरच्या इमारतींतून लोक एकमेकांना ओरडून धीर द्यायचे. महिनाअखेरीस भारताच्या विमानाने आम्हाला आणलं. शहर 8 एप्रिलला उघडलं. तिथल्या लोकांनी जे सोसलं ते जवळून पाहिलंय, म्हणून कुणी त्या शहराला नावं ठेवली की आजही राग येतो. मार्चमध्ये जमलं तर वुहान विद्यापीठातली चेरी बघा, नोंदणी आधी करून.

ठाण्याहून
प्रांतिक संग्रहालय राहिलंच की! 1978 मध्ये थडग्यातून काढलेल्या 65 काशाच्या घंटा आहेत, अडीच हजार वर्षांच्या आसपासच्या. प्रत्येक घंटेतून दोन स्वर निघतात. प्रतिकृतींवर वादनही ऐकवतात. सोमवारी बंद असतं. पासपोर्ट जवळ ठेवा आणि जुलै-ऑगस्ट टाळा, उकाडा सोसवत नाही.