मदत हवी आहे: काळ्या मातीत कॅम्परव्हॅन दिवाळीपर्यंत उभी ठेवायची आहे, टेकू कुठे द्यावा?

नमस्कार मंडळी,

बाबांनी निवृत्तीनंतर जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्परव्हॅन करून घेतली. आता त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, त्यामुळे दिवाळीपर्यंत गाडी जागची हलणार नाही. त्यांचा जीव आहे या गाडीत. ते हिंडूफिरू लागतील तेव्हा ती धडधाकट मिळावी, एवढंच हवंय.

सांगलीत घराशेजारी जागा आहे, पण २०१९ च्या महापुरात तिथे पाणी होतं, तेव्हा पावसाळ्यात गाडी तिथे ठेवणं नको. आष्ट्याजवळ मामांचा मळा आहे. जागा उंचावर, वर पत्र्याची शेड. अडचण जमिनीची: सगळी काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात आणि पाऊस लागला की फुगते.

गाडीच्या चार कोपऱ्यांना हाताने फिरवायचे जॅक आहेत. गॅरेजवाले म्हणतात, त्यांच्यावरच उचलून ठेवा, टायर वाचतील. मला ते पटत नाही. ते जॅक मुक्कामात गाडी डुलू नये म्हणून असतात, सगळं वजन महिनोन्महिने पेलायला नव्हे. त्यातला एक जरी दोन बोटं खचला तरी चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पिळली जाणार, आणि त्याचा ताण आतल्या फर्निचरवर, खिडक्यांच्या रबरावर येणार. मग टेकू ॲक्सलखाली, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्याखाली, द्यावा की चासीखाली? आणि गाडी अगदी पाणसळीत ठेवावी की थोडा उतार द्यावा? शेडमध्ये एका बाजूने झड येते आणि छतावरच्या व्हेंटभोवती पाणी साचतं.

ट्रॉलीवाला_पलूस: ताई, जॅकबद्दल तुमचं बरोबर आहे. गाळप हंगाम संपला की आम्ही उसाच्या ट्रॉल्या ठोकळ्यांवर चढवतो. टेकू ॲक्सलखालीच, कमानपाट्यांच्या (स्प्रिंगच्या) बैठकीजवळ द्या. चासीखाली दिलात तर ॲक्सल लोंबकळत राहतो. टायर अधांतरी करायची गरज नाही, बराचसा भार उतरला तरी पुरे. महिन्याला हवा बघा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, दमट हवेत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा.

स्थापत्य_मिरज: टेकूच्या आधी जमीन बघा. काळ्या मातीवर नुसती फरशी टाकली तर माती फुगल्यावर फरशीच उचलली जाते. दीड-दोन फूट माती काढून मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसने ठोकून घट्ट करा. गाडीच्या बाहेर दोन-तीन फूट जास्त घ्या. पत्र्याला पन्हळ लावा आणि शेडभोवती चर काढा, कारण ही माती वजनापेक्षा ओलाव्याच्या चढउताराने जास्त हलते. टेकूच्या लोखंडी स्टँडचे पाय लहान असतात, म्हणून खाली जाड लोखंडी प्लेट आणि तिच्याखाली लाकडी स्लीपर. विटा, पोकळ ब्लॉक अजिबात नकोत, ते न सांगता फुटतात. मामांकडे येणाऱ्या गवंड्याला सांगून लेव्हल पाईपने चासीवर चार खुणा करून घ्या आणि पावसाळ्यात दर आठवड्याला ताडून बघा. मागचं दार घट्ट लागायला लागलं तर एक कोपरा खचलाय असं समजा.

भटका_सातारा: पाणसळ लागते ती गॅसवरचा फ्रिज चालू असताना. बंद गाडीला थोडा उतार चांगलाच, पाणी व्हेंटपासून लांब जाईल अशा बेताने. पण उतार लांबीच्या दिशेने द्या. एका ॲक्सलची दोन्ही टोकं एका उंचीवर असली की पीळ पडत नाही. पाण्याची टाकी आणि नळ्या रिकाम्या करा. आधी सोलर पॅनेलची वायर काढा, मग बॅटरीची. बॅटरी घरी नेऊन अधूनमधून चार्ज करा. आणि कोणीही नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये, हे मामांनाही सांगा.

मूळ प्रश्नकर्ती: मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं, मुरमाचं मामांनी मनावर घेतलंय. स्लीपर मात्र इथे मिळत नाहीत. बांधावरच्या बाभळीचे ठोकळे चालतील का?

ट्रॉलीवाला_पलूस: चालतील, पण वाळलेलं लाकूड घ्या. ओली बाभूळ उन्हात तडकते. ठोकळे आडवे-उभे रचा, खालचा थर सगळ्यात रुंद ठेवा.