उधारीचा विमा: हप्त्याचा हिशेब वेगळा

गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर भरपाई देणाऱ्या उधारीच्या विम्याबद्दल ‘उधारी बुडालीच नाही तर हप्ता पाण्यात’ हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. आमचा सोलापुरी टॉवेलचा धंदा, बराचसा माल परदेशी जातो. पूर्वी नवं गिऱ्हाईक ९० दिवसांची उधारी मागायचं, आम्ही आगाऊ पैशांवर अडून बसायचो आणि ऑर्डर दुसरीकडे जायची. मग ईसीजीसीची पॉलिसी घेतली (१९५७ पासूनची सरकारी कंपनी, निर्यातीच्या उधारीचा विमा देते). खरा उपयोग झाला तो क्रेडिट लिमिटचा. प्रत्येक खरेदीदाराची पत तपासून त्याच्या किती उधारीला विमा द्यायचा, ही मर्यादा ते ठरवतात. आमच्या एका जुन्या, गोडबोल्या गिऱ्हाइकाला मागितली त्याच्या निम्मीच मिळाली, तेव्हा डोळे उघडले! उलट दोन अनोळखी पार्ट्यांना बिनधास्त माल सोडता आला. बँकही आता बिलांवर पैसे द्यायला कमी कुरकुरते.

मात्र भरपाई शंभर टक्के नसते, काही हिस्सा आपल्याच अंगावर राहतो. मालात खोट काढून गिऱ्हाइकाने वाद घातला, तर तो आधी निस्तरावा लागतो. थकबाकी मुदतीत कळवली नाही तर दावा अडकतो. म्हणून आमच्या अकाउंटंटच्या टेबलामागे लाल खुणांचं कॅलेंडर टांगलंय. देशातल्या उधारीसाठी जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे ट्रेड क्रेडिट (उधारीच्या विम्याची) पॉलिसी मिळते, तिथे विचारा.