शिकारी रायफलचं बॅरल घरी बदलावं की नाही?

रानवाट्या (पिट्सबर्ग):
माझ्याकडे सॅव्हेज कंपनीची .३०८ काडतुसाची रायफल आहे. तिला ६.५ क्रीडमूर या दुसऱ्या काडतुसाचं बॅरल लावायचंय. बोल्टचं (बॅरल मागून बंद करणारा सरकता दांडा) तोंड तेच, मॅगझीनही तेच चालतं. गनस्मिथ म्हणतो, सीझन संपल्यावर आण. आमच्याकडे हरणांचा रायफल सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो, मग उपयोग काय? सॅव्हेजचं बॅरल नटवर बसतं, १९५८ च्या मॉडेल ११० पासून. व्हाइस, नटचा पाना आणि गेज (माप तपासायचे काडतुसाच्या आकाराचे ठोकळे) असले की हे घरचं काम आहे असं माझं स्पष्ट मत. फेडरल कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे रिसीव्हर (बोल्ट आणि बॅरल ज्यात बसतात तो मुख्य भाग), बॅरल हा सुटा भाग. लांबी १६ इंचांच्या खाली जाऊ द्यायची नाही. बोला.

लेथवाला:
साफ असहमत. नट कोणीही फिरवेल, प्रश्न हेडस्पेसचा आहे, म्हणजे बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये (बॅरलमधली काडतुसाची जागा) काडतूस जिथे टेकतं ती जागा यांतल्या अंतराचा. .३०८ काय किंवा क्रीडमूर काय, ६२,००० पीएसआयपर्यंतचा (पौंड दर चौरस इंच) दाब, आणि तोही तुमच्या गालापासून वीतभरावर. चेंबर सैल राहिलं तर पितळी केस मागे ताणली जाते, बुडाजवळ फाटू शकते आणि तापलेला वायू बोल्टच्या बाजूने तोंडावर येतो. .३०८ चं गो गेज (किमान माप) १.६३० इंच, नो-गो (याच्या आतच राहायचं) १.६३४. सगळा खेळ चार हजारांश इंचात! व्हिडिओ बघून फोडणीचा भात करावा, हे नाही.

रानवाट्या:
अहो, ते चार हजारांश मोजायलाच तर गेज आहेत. बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर काढून ठेवायचे, म्हणजे हँडल सहज खाली पडतंय की कुठे अडतंय ते बोटांना कळतं. गो वर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गो वर नाही. नट आवळताना बॅरल किंचित सरकतं, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा तपासायचं. गनस्मिथ तरी वेगळं काय करतो? नो-गो नसेल तर गो च्या बुडाला सेलोटेपचा एक थर लावूनही भागतं.

लेथवाला:
सापडलात! टेप दाबली जाते, शिवाय प्रत्येक टेपची जाडी वेगळी. महागड्या बॅरलवर गेजचे तीस-चाळीस डॉलर वाचवणारा माणूस घरी हे काम करायला नालायक आहे, हाच माझा मुद्दा. (राग मानू नका.) आणि हे वाचून रेमिंग्टन ७०० वाल्यांनी पाना उचलू नये. तिथे नट नसतो, बॅरलचा खांदा रिकॉइल लगवर (धक्का झेलणारी पोलादी पट्टी) टेकतो आणि हेडस्पेस त्या खांद्यावर ठरतो. कोरं बॅरल आणलंत तर लेथशिवाय गत्यंतर नाही.

ब्लॅकफॉरेस्टकर:
तुम्ही दोघं ‘घर की दुकान’ यावर भांडताय, पण खरं उत्तर रायफलच्या रचनेत आहे. इकडे जर्मनीत ब्लेझर आर८ चं बॅरल शिकारी स्वतःच ॲलन की फिरवून काढतात, कोणी भुवईही उंचावत नाही. कारण बोल्ट थेट बॅरलमध्येच लॉक होतो, हेडस्पेस कारखान्यातच ठरलेला. मात्र प्रत्येक बॅरलची सरकारदरबारी नोंद लागते. टपालाने घरपोच वगैरे विसरा.

पन्हाळकर:
आपल्याकडे तर विषयच संपला. शिकार १९७२ च्या कायद्याने बंद, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटा भागही शस्त्रच. दुरुस्तीवाल्यालाही परवाना लागतो. शेतीरक्षणाची बंदूक असलेल्यांनी हा धागा करमणूक म्हणून वाचावा.

वर्षा_ह्यूस्टन:
थोडं अवांतर, पण इथे बरेच जण एच-१बी वर असतील म्हणून. तुमच्यावर बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मुळात बंदी आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. तो संपला की अपवादही संपला. बॅरलचं नंतर बघा.

रानवाट्या:
मी नागरिक आहे, पण मुद्दा बरोबर. लेथवाले, नो-गो मागवतो, टेपचं सोडून दिलं. काम मात्र घरीच करणार.

लेथवाला:
करा. नवीन बॅरलवर काडतुसाचं नाव कोरलंय का तेवढं बघा. नसेल तर कोरून घ्या, उद्या ही रायफल दुसऱ्याच्या हातात जाईल आणि तो तिला .३०८ च समजेल. पहिल्या काही फैरींच्या केसेस जपून ठेवा. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं तर तिथेच थांबायचं आणि रायफल गनस्मिथकडे न्यायची, सीझन गेला तरी चालेल.

रानवाट्या:
सीझन गेला तर हरणाचं मटण तुमच्याकडून.