पाण्याकाठची गावे : ग्रामीण फ्रान्समधले कालवे, तळी आणि जुन्या वस्त्या (अनुभव धागा)

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघे तुलूझहून निघून कानाल द्यू मिदी या कालव्याच्या काठाने आठ दिवस सायकलने फिरलो. परतल्यापासून मनात एकच गोष्ट घोळते आहे. तिथल्या खेड्यांतले जे पाणी आपण निसर्ग समजून पाहत राहतो, ते बहुतेक ठिकाणी कुणीतरी आणलेले, अडवलेले किंवा बाहेर काढलेले असते, आणि आजही रोज कुणीतरी सांभाळते म्हणून ते तिथे असते. ज्यांनी फ्रान्सच्या ग्रामीण भागातले कालवे, तळी आणि जुनी गावे पाहिली असतील, त्यांनी आपले अनुभव इथे सविस्तर लिहावेत. शहरांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. इथे पाणी, गाव आणि ते राखणारी माणसे एवढाच विषय ठेवावा, ही विनंती.

सुरुवात मी करते. तुलूझपासून पन्नासएक किलोमीटरवर नोरूझची खिंड लागते. समुद्रसपाटीपासून १८९ मीटर उंचीवरची ही जागा म्हणजे कालव्याचा माथा. बोट लॉकमधून, म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेल्या आणि पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या हौदातून, खाली उतरली की तिच्याबरोबर पाणीही उतरते, त्यामुळे माथ्यावर बारमाही पाणी नसेल तर असा कालवा चालूच शकत नाही. मिठावरचा कर गोळा करणाऱ्या प्येर-पोल रिकेने डोंगरातले ओढे वळवून पाटाने इथवर आणले आणि कोरड्या महिन्यांसाठी साँ-फेरेओलला मातीचे धरण बांधले. चौदाव्या लुईची मंजुरी १६६६ मध्ये मिळाली, २४० किलोमीटरचा कालवा १६८१ मध्ये खुला झाला, आणि रिके त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर १६८० मध्ये वारला होता. मी पाटाच्या मुखाशी बसून एक वाळके पान पाण्यात सोडले. ते काही क्षण जागच्या जागी फिरले आणि मग सावकाश पूर्वेकडे, भूमध्य समुद्राच्या वाटेला लागले. पश्चिमेला वळले असते तर त्याची वाट अटलांटिककडची होती. आठ दिवसांतला तो क्षण मला सर्वांत जवळचा वाटतो.

नाशिकहून

आम्ही याच कालव्यावर आई-बाबांसह भाड्याच्या बोटीत राहिलो. अशा बोटीला परवाना लागत नाही आणि वेग ताशी ८ किलोमीटरच्या आत ठेवायचा असतो, म्हणून सगळे सोपे असेल असे आम्ही गृहीत धरले होते. बोट देणाऱ्यांनी जेमतेम पंधरा मिनिटे माहिती दिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली. दुसऱ्याच लॉकमध्ये माझ्या भावाने काठावरच्या खुंटाला दोराची पक्की गाठ मारली. पाणी उतरू लागले तशी बोट त्या दोराला लटकून एका अंगाला कलली आणि स्वयंपाकघरातली भांडी खाली आली. लॉक चालवणाऱ्या बाईंनी ओरडून दारातल्या झडपा तत्काळ बंद केल्या, म्हणून निभावले. नंतर त्यांनी स्वतः दाखवले : दोराचा फक्त एक वेढा खुंटाला घालायचा, टोक हातात ठेवायचे आणि पाणी उतरेल तसतसा दोर सैल सोडत जायचे. जाणार असाल तर एवढे मात्र लक्षात ठेवा. दुपारी जेवणाच्या वेळेला लॉक बंद असतात, तेव्हा काठाला लागून आपणही शांतपणे जेवावे.

इथल्या जुन्या लॉकच्या भिंती सरळ नसून बाहेरच्या बाजूला फुगीर आहेत. आरंभीच्या सरळ भिंती मागच्या मातीच्या दाबाने ढासळल्यावर रिकेने कमानीचेच तत्त्व आडवे वापरले. बेझिएजवळच्या फोंसरानला मुळात असे आठ हौद एकापाठोपाठ एक जोडलेले आहेत आणि एकूण चढ २१ मीटरांहून अधिक आहे. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते काठावर उभे राहून प्रत्येक दार उघडताना पाहत होते, आणि आम्हांला तिथून त्यांना हलवता आले नाही.

लिऑनहून, मूळचा गोंदियाचा

लिऑनच्या ईशान्येला दोंब नावाचे पठार आहे आणि त्यावर हजाराहून अधिक तळी आहेत. ती जवळजवळ सगळी मध्ययुगापासून माणसांनी चिकणमातीच्या जमिनीवर पाळ घालून केलेली आहेत. मी कोहळी समाजाने सिंचनासाठी बांधलेल्या जुन्या मालगुजारी तलावांच्या मुलखात वाढलो, त्यामुळे पहिल्यांदा पाळ, मोरी आणि एका तळ्यातून खालच्या तळ्यात उतरणारे पाणी पाहिले तेव्हा घशात काहीतरी दाटून आले.

इथली पद्धत अशी की तळे तीन-चार वर्षे भरलेले ठेवून त्यात मासे वाढवायचे आणि नंतर एक वर्ष ते कोरडे ठेवून त्याच्या तळात ओट किंवा मका पेरायचा. पाण्याच्या काळाला एव्होलाज आणि कोरड्या वर्षाला आसेक म्हणतात. गाळावरच्या पिकाला खत कमी लागते आणि पिकाच्या धसकटांवर पुढच्या वर्षीचे मासे पोसतात. आपल्याकडे गाळपेर आहेच, परंतु इथे ते ठरलेल्या फेऱ्याने होते. पूर्वी तर एकाच तळ्याच्या पाण्याचा मालक एक आणि कोरड्या जमिनीचा मालक दुसरा असे, आणि दोघांनाही परस्परांचा हक्क पाळावा लागे.

नोव्हेंबरातल्या एका पहाटे मी मासेमारी पाहायला गेलो. पाणी आधीच मोरीपुढच्या खोलगट भागापर्यंत ओसरले होते. छातीपर्यंत रबरी पोशाख घातलेली माणसे जाळे ओढत काठाशी येत होती, पाणी उकळल्यासारखे खदखदत होते आणि बगळे चार हातांवर वाट पाहत उभे होते. टेबलावर मासे भराभर निवडले जात होते. त्यात मुख्यतः कार्प होता, आपल्याकडचे मत्स्यव्यावसायिक ज्याला सायप्रिनस म्हणतात तोच. एका वयस्क गृहस्थांनी मला हात लावायला बोलावले आणि माझ्या गावच्या तलावाविषयी पुन्हा पुन्हा विचारले.

जवळच टेकडीवर पेरूझ हे तटबंदीचे गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ते ओस पडून तिथली घरे पाडली जाऊ लागली होती, तेव्हा १९११ मध्ये समिती स्थापून ते वाचवण्यात आले. गल्ल्या गोल गोट्यांच्या आहेत. साध्या चपला घालून जाऊ नये.

पुण्याहून

माझा अनुभव दुःखाचा आहे. ज्या सावलीसाठी मी कानाल द्यू मिदीवर गेले, ती अनेक ठिकाणी उरलेली नाही. चिनाराच्या कुळातल्या प्लातान झाडांना एका बुरशीने ग्रासले असून २००६ पासून या कालव्यावर तिचा शिरकाव झाला आहे. तिच्यावर इलाज नाही. बाधित झाड तोडून जाळावे लागते आणि शेजारची झाडेही काढावी लागतात. काठावर सुमारे ४२ हजार प्लातान होती. एका बुंध्याची वर्तुळे मोजायला बसले आणि शंभराच्या पुढे मोजवेना. नवी लावलेली रोपे वेगवेगळ्या जातींची आहेत, म्हणजे एकच रोग सगळ्यांना संपवणार नाही. मात्र त्यांची सावली आपली नातवंडे पाहतील.

पॅरिसजवळून

पश्चिमेकडच्या मारे प्वातव्हँ या पाणथळीविषयी थोडेसे. १२१७ मध्ये पाच मठांच्या प्रमुखांनी मिळून इथे पाण्याचा निचरा करणारा कालवा खोदला, आणि त्याला आजही पाच मठाधिपतींचा कालवा म्हणतात. कूलोँ गावातून आम्ही सपाट तळाच्या लाकडी होडीतून निघालो. पाणी बारीक हिरव्या टिकलीसारख्या पाणवनस्पतीने इतके झाकलेले होते की मुलीला ते गवत वाटले. नावाड्याने लांब काठीने तळाचा गाळ ढवळला, बुडबुडे वर आले आणि त्याने काडी लावताच पाण्यावर क्षणभर निळसर ज्वाळ पसरली. कुजलेल्या पाल्यातून निघणारा तो मिथेन. पूर्वी इथे गुरेसुद्धा होडीतून कुरणावर नेत असत, असेही त्याने सांगितले.

औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर)

बेझिएजवळ आँसेरूनच्या टेकडीवर अवश्य चढावे. खाली माँतादीचे तळे दिसते, म्हणजे खरे तर तळे नाहीच; १२४७ मध्ये ते आटवले गेले. मधोमध एक वर्तुळ आणि त्यापासून सूर्यकिरणांसारखे फुटलेले चर, व चरांमध्ये निमुळती होत गेलेली शेते. सगळे चर पाणी मध्यभागी आणतात आणि तिथून ते टेकडीखालच्या भुयारातून बाहेर पडते. त्याच टेकडीतून रिकेच्या कालव्याचा मालपासचा बोगदा जातो आणि रेल्वेचाही जातो, तिन्ही वेगवेगळ्या पातळ्यांवर. पाणचक्की आणि तिला जमिनीखालून पाणी आणणारी नहर असलेल्या गावात वाढल्यामुळे जमिनीखालच्या पाण्याचे मला लहानपणापासून वेड आहे, म्हणून मी खाली उतरून एका चराच्या काठाने बरेच अंतर चालत गेलो. एक शेतकरी फावड्याने चरातला पाला आणि गाळ काढून बांधावर टाकत होता. मी किती वेळाने हे करावे लागते असे विचारले, तेव्हा त्याने फावडे न थांबवताच सांगितले की दरवर्षी.