कयाकच्या डेकला स्टेन (लाकडात मुरणारा रंग) : इपॉक्सीआधी कोणता मारावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, जि. गोंदिया. दिवाळीपासून घराच्या पडवीत 14 फुटी कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) बांधतोय. 4 मिमी मरीन प्लाय (आयएस 710, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक), फळ्या तांब्याच्या तारेने शिवून सांधे इपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणारी राळ) भरलेत. गावातले ढिवरभाऊ (मासेमारी करणारे) रोज येऊन बघतात अन् विचारतात, "डोंगा बुडला तं?"

आता अडलंय डेकवर, म्हणजे होडीच्या वरच्या झाकणावर. मला गडद सागवानी रंग हवा, वरून फायबरग्लासचं कापड आणि इपॉक्सी. गावच्या सुताराने दिलेला तेलाचा स्टेन तुकड्यावर मारला, दोन दिवसांनी इपॉक्सी चढवलं, तर नखाने पापुद्रा निघाला! म्हणजे तेलाचा बाद. मग पाण्याचा की स्पिरिटचा? पाण्याच्या स्टेनने लाकडाचे रोम उभे राहतात, ते 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासले की रंगच उडतो. स्पिरिटचा इतक्या लवकर वाळतो की ब्रशचे पट्टे उमटतात. इथल्या एप्रिलच्या उन्हात तर विचारूच नका.

दुसरं दुखणं त्याहून मोठं. सांध्यांजवळ इपॉक्सीचे ओघळ प्लायमध्ये मुरलेत, तिथे रंग धरतच नाही, पांढुरके डाग दिसतात. किती घासू? प्लायचा वरचा थर फारच पातळ आहे, खालच्या थराचे आडवे तंतू दिसू लागले तर सगळंच गेलं. की रंग इपॉक्सीतच मिसळावा?

वरून ऊन सोसणारं व्हार्निश मारणारच आहे, नाहीतर इपॉक्सी उन्हाने पिवळं पडेल. पावसाळ्यानंतर इटियाडोह धरणात उतरवायची आहे. स्वतः केलेल्यांनीच सांगा, राजेहो.