प्रागसाठी दोन दिवस पुरतात

शनिवार-रविवारात चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग धड बघून होत नाही, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. जर्मनीतल्या ड्रेस्डेनला शिकताना आम्ही चौघं शुक्रवारी संध्याकाळच्या रेल्वेने गेलो. अडीच तासांच्या आसपासचा प्रवास, बराचसा एल्ब नदीच्या काठाने. जाताना डावीकडची खिडकी पकडा, नदी त्या बाजूला असते.

चार्ल्स पुलावर मात्र सूर्य उगवायच्या आत पोहोचाच. १३५७ साली बांधायला घेतलेला पूल, कठड्यांवर ३० पुतळे, दिवसा नुसती रेटारेटी. आम्हाला पुलाखालच्या व्ल्तावा नदीवर धुकं मिळालं. संत नेपोमुकच्या पुतळ्याखालची कांस्यपाटी लोकांच्या हातांनी घासून घासून सोन्यासारखी झालीये. मैत्रिणीने तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला, पुण्यात तेव्हा सकाळचा चहा चालू होता. आणि हो, तिथे चलन कोरुना आहे. रोख युरोंवर विसंबू नका.