मदत हवी आहे: सेंद्रिय गव्हाचं प्रमाणपत्र इंदुरात कुठे मिळेल? तातडीचं आहे

सांवेररोड
नमस्कार. गहू घरात पडून आहे, पाऊस तोंडावर आलाय आणि दुकानदार म्हणतो, सेंद्रिय असल्याचा कागद आणा तरच उचलतो. कुठे मिळतो, किती पैसे लागतात? आठवड्याभरात हवाय. ज्यांनी काढलाय त्यांनीच सांगा, कृपया.

रामबागवाली
दादा, गहू किती? शेत स्वतः करता की बटाईनं दिलंय? युरिया शेवटचा कधी टाकला? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

अण्णा६२
कागदाच्या मागे लागू नका. मी ९ वर्षं महूजवळच्या एकाच शेतकऱ्याकडून वर्षाचा लोकवन गहू भरतो. माघात शेतावर जातो, ओंबी तळहातावर चोळून दाणे खाऊन बघतो, गोठा बघतो. माणूस खरा असला की गहू खरा.

शिप्राकाठ
अण्णा, ते तुमच्या दोघांत ठीक. दुकानात ‘सेंद्रिय’ म्हणून ठेवायचं तर सेंद्रिय अन्नाचे २०१७ चे सरकारी नियम लागू होतात. रस्ते दोन. एक एनपीओपी, केंद्राचा सेंद्रिय उत्पादनाचा कार्यक्रम: अपेडा या सरकारी शेतमाल-निर्यात संस्थेच्या देखरेखीखाली, बाहेरची संस्था तपासणी करते, निर्यातीला हेच लागतं, एकट्याला महाग पडतं. दुसरा पीजीएस: कमीत कमी ५ शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो, खर्च फार कमी. पण दोन्हींत बघतात ते शेत, घरात आलेलं पोतं नाही. आठवड्यात कागद देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

गोमय
सेंद्रिय सोडा, नैसर्गिक करा. नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर गुरुजी, त्यांचं जीवामृत: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. ४८ तास सावलीत ठेवायचं, रोज दोनदा ढवळायचं. एका देशी गाईवर शेत उभं राहतं. गाडी-गाडी शेणखत लागत नाही.

शिप्राकाठ
माझ्या शेतात शेणखत लागलं. नुसत्या जीवामृतावर दुसऱ्या वर्षी गहू गुडघ्याच्या वर गेला नाही. काळ्या मातीलाही पोटभर खायला लागतं.

गोमय
आच्छादन, म्हणजे काडीकचऱ्यानं जमीन झाकणं, केलं होतं का? आच्छादनाशिवाय जीवामृताला दोष देऊ नये.

जुनी_छावणी
तुमच्या वादात एक सांगतो. इथल्या आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवरच इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टचे प्रयोग केले. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ती हीच. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख असे थर, मधून उलथणं, साधारण ३ महिन्यांत खत. कापसाच्या आणि तुरीच्या पळकाट्या (पीक काढल्यावर उरलेल्या काड्या) कडक, लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या आधी रस्त्यावर पसरायचे आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायचे. १९३५ साली गांधीजींनी येऊन हे पाहिलं. आपल्या मुलांना यातलं काही सांगितलं जात नाही, याचं फार वाईट वाटतं.

सांवेररोड
मी कागदाबद्दल विचारलंय! बरं, सांगतो. ८ बिघे, स्वतः करतो, २२ क्विंटल गहू. बाबा गेले तेव्हापासून फवारणी बंद केली. फवारून आले की त्यांच्या हातांची आग व्हायची, राखेनं हात घासत बसायचे. या गव्हाला काहीच टाकलं नाही. त्याआधीच्या सोयाबीनला डीएपी खत आणि तणनाशक दिलं होतं. शेजारी अजून फवारतो, त्याचं पाणी नाल्यानं माझ्याकडे येतं. आणि दोन कट्ट्यांत (पोत्यांत) सोंडे, ते धान्यातले किडे, दिसलेत.

मनीषाकाकू
सोंड्यांचं आधी बघा. गहू कडक उन्हात दोन दिवस घाला, चाळा, थंड झाल्यावरच कोठीत भरा. घरच्यापुरत्या गव्हाला एरंडेल चोळा, थरांत कडुनिंबाचा वाळलेला पाला. सल्फासच्या गोळ्या घरात आणू नका, त्यांच्या वायूनं माणसं दगावतात.

शिप्राकाठ
आता चित्र स्पष्ट झालं. वाईट वाटून घेऊ नका, पण हा गहू नियमानं सेंद्रिय नाही. गहू-सोयाबीनसारख्या हंगामी पिकांना रासायनिक सोडून सेंद्रियकडे वळायचा २ वर्षांचा रूपांतर काळ असतो, तुमचं पहिलंच वर्ष आहे. गावात आणखी ४ जण जमवा, पीजीएसमध्ये नाव घाला. रूपांतरात ‘पीजीएस ग्रीन’ मिळतं, पुढे ‘पीजीएस ऑर्गॅनिक’. नाल्याच्या बाजूला बांध उंच करा, चर काढा, तुरीच्या दाट ओळी लावा. शेवटचं डीएपी, तणनाशक कधी दिलं ते आजच वहीत लिहा.

अण्णा६२
पण १२ लाखांच्या आत उलाढाल असलेल्या शेतकऱ्याला थेट गिऱ्हाइकाला विकताना प्रमाणपत्र लागत नाही ना?

शिप्राकाठ
लागत नाही, सेंद्रियचा सरकारी लोगो मात्र लावता येत नाही. पण जे अजून सेंद्रिय झालंच नाही ते सेंद्रिय म्हणून का विकावं? ‘खत-फवारणी बंद केल्याचं पहिलं वर्ष’ एवढं खरं सांगून विका. घेणारे घेतात.

रामबागवाली
मी घेईन, ३ कट्टे. आमच्या गल्लीतही विचारते. फक्त आधी किलोभर द्या, पोळी करून बघते.

सांवेररोड
मनापासून आभार. दुकानदाराला ‘नाही’ म्हणून कळवलंय. गावात दोघं तयार आहेत, अजून दोन हवेत. गच्चीवर पहिले चार कट्टे पसरलेत, पण महूच्या बाजूनं ढग येताहेत. काकू, अर्धवट ऊन मिळालेला गहू रात्री झाकून तिथेच ठेवू की खाली आणू?

मनीषाकाकू
खाली आणा. आत्ताच.